द्राक्षातला औषधाचा अंश बागेतच तपासता येतो का?

बागायतदार, तासगाव तालुका
सुपर सोनाका जातीची द्राक्षं उतरायला आलीत. शेजारच्यानं मिलीबगसाठी फवारणी केली तेव्हा वारं आमच्याच बागेकडं होतं. औषध कुठलं ते नीट सांगत नाही. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर व्यापारी सौदा लांबवतो. प्रदर्शनात ऐकलं, शुगरच्या मशीनसारखी पट्टी असते, रस टाकला की कळतं. खरं आहे का?

संशोधक, मिरज
दादा, माझं काम याच पट्ट्यांवर आहे. तत्त्व अगदी खरं आहे. इलेक्ट्रोडवर एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं प्रथिन) बसवायची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ सालीच मांडली. फक्त शुगर वाढली की करंट वाढतो, इथं औषध असलं की करंट पडतो. पट्टीवर अॅसिटिलकोलिनएस्टरेज असतं, किडीच्या आणि आपल्याही मज्जासंस्थेतलं एन्झाइम. त्याला अॅसिटिलथायोकोलिन दिलं की थायोकोलिन तयार होतं, त्याचा करंट मोजायचा. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट या गटांतलं कीडनाशक या एन्झाइमलाच जखडतं, मग थायोकोलिन कमी होतं आणि करंट पडतो.

पण रस थेट टाकू नका. द्राक्षाचा रस आंबट, पीएच साडेतीनच्या आसपास. एन्झाइमला सात-आठ लागतो. औषध नसतानाही ते मंदावतं आणि चांगल्या मालावर उगाच ठपका बसतो. शिवाय रसातलं क जीवनसत्त्व नि पॉलिफिनॉल स्वतःच करंट देतात, त्यात खरी घट झाकली जाते. म्हणून आम्ही रस बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात पातळ करतो, पट्टी त्यात दहा मिनिटं ठेवतो, धुतो आणि मोजणी स्वच्छ बफरमध्ये करतो. एन्झाइमला चिकटलेलं ऑर्गॅनोफॉस्फेट धुण्यानं सुटत नाही.

क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटचं आणखी वेगळं. फवारतो त्या रूपात ते एन्झाइमला फारसं धरत नाही, त्याचं ऑक्सॉन (ऑक्सिडीकरण झालेलं रूप) झालं की धरतं. नमुन्याला आधी ब्रोमीन पाण्यासारखं ऑक्सिडीकारक लावलं नाही तर पट्टी खुशाल 'स्वच्छ' सांगेल. पट्टी विकणाऱ्याला हेच विचारा. उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका.

बेदाणावाला, कवठेमहांकाळ
ताई, बेदाण्याला चालेल का?

संशोधक, मिरज
भिजवून, वाटून, गाळून घ्यावं लागेल. साधारण चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, म्हणजे टिकाऊ औषधाचा अंशही किलोमागं वाढतो. वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा परिणाम वेगळा तपासल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवू नका.

बागायतदार, तासगाव तालुका
शेजाऱ्याच्या गड्याला विचारलं. तो म्हणतो, मिथोमिल नाहीतर बुप्रोफेझिन.

संशोधक, मिरज
मग आधी औषधाचा डबा बघाच. मिथोमिल कार्बामेट आहे, पट्टीला दिसेल. मात्र त्याची पकड हळूहळू सुटते, म्हणून धुतल्यावर लगेच मोजायचं. बुप्रोफेझिन या एन्झाइमला हातच लावत नाही, ते पट्टीला दिसणार नाही. माल युरोपला जाणार असेल तर लॅबला पर्याय नाही. क्लोरपायरिफॉसच्या अंशाची तिथली मर्यादा २०२० पासून किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. नमुना पाठवताना शेजाऱ्याच्या बांधाकडच्या दोन ओळींचे घड वेगळ्या पिशवीत घ्या, मधल्या बागेचे वेगळ्या. एकत्र केले तर कडेचा अंश पातळ होऊन निसटेल.