फार क्राय प्रायमल हा अश्मयुगातला गेम आता घेऊन खेळण्यासारखा आहे का?

ऐरोलीकर: २०१६ ला आला तेव्हा माझा पीसी तो ओढत नव्हता, घणसोलीला मित्राकडे रविवारी जाऊन नुसता बघत बसायचो, तो घुबड उडवून वरून शत्रू हेरायचा ते अजून डोळ्यासमोर आहे. आता घेऊ का?

नौपाडा_गेमर: घे रे बिनधास्त. बंदूक नाही, गाडी नाही, भाला, धनुष्य आणि गदा, बस. रात्री चरबी लावून गदा पेटवायची, लांडगे आग बघून मागे सरतात, पण लाकूडच ते, जळत जातं आणि आपली तंतरते. मांस टाकून जनावर खायला लागलं की हळूच हात ठेवून माणसाळवायचं, पुढे सुळेदार वाघावर बसून फिरता येतं.

वाशीवाला: स्टोरी मात्र पातळ आहे, उदाम आणि इझिला या दोन्ही शत्रू टोळ्यांचे म्होरके अजून रंगवायला हवे होते.

कळवा_८८: मला भाषाच सगळ्यात आवडली. इंग्रजी डायलॉग नाहीतच, भाषातज्ज्ञांनी आद्य इंडो-युरोपीय भाषेवरून वेंजा नावाची भाषा बनवली, म्हणजे लांबून का होईना मराठीचंच गोत्र. थोडा वेळ सबटायटल बंद करून ऐक.

ऐरोलीकर: हे माहीतच नव्हतं! आज रात्रीच डाऊनलोडला लावतो.