साताऱ्याचा वेढा, जुनं पत्र आणि 'प्रेमापोटी केलं'

यवतेश्वर :
ऐतिहासिक प्रेमकथेतली एक चाल चर्चेला घेतो. डिसेंबर १६९९, औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा. ठरलेला नवरा किल्ल्यावर अडकलाय, नायिका मेढ्याला. वर्षापूर्वी त्याने रागाच्या भरात तिच्या वडिलांना 'सोयरीक मोडावी' असं लिहिलं होतं. पुढे समेट झाला, कागद मात्र दप्तरात राहिला. वडील आता हयात नाहीत. तिच्यावर जीव जडलेला कारकून तोच कागद 'आज जासूद घेऊन आला' म्हणून वाचून दाखवतो. शेवटी खरं कळतं, ती रडते आणि त्या कारकुनाशीच लग्न करते. याला प्रेम म्हणणं मला पटत नाही.

मोडीवाचक :
चाल पक्की आहे. पत्रावर 'छ ९ रमजान' अशी चंद्राची तारीख असते, सन पुष्कळदा नसतोच. हिजरी महिना दरसाल साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे वर्षाचा कागद खपून जातो. तीन वर्षांचा घेतला तर महिनाभराचा फरक पडतो आणि ज्वारीच्या काढणीचा उल्लेख असला की बिंग फुटलंच. शिवाय मोडीत आधी शिरोरेघ ओढून खाली सलग लिहितात, शब्द सुटे नसतात. वाचणाऱ्याने अर्धी ओळ गाळली तरी ऐकणारीला पत्ता लागत नाही.

कृष्णाकाठ :
आजच्या मापाने का मोजता? त्या काळी मुलीला विचारत कोण होतं? वतन बघून बाप ठरवायचा. कारकुनाने त्याहून वेगळं काय केलं?

यवतेश्वर :
बाप चार भाऊबंदांसमोर ठरवतो. तिला निदान कळतं, रागवायचं कुणावर. इथे रागवायला कुणी आहे हेच तिला ठाऊक नाही. फरक एवढाच, पण सगळी कथा त्यावर उभी आहे. उलगडा शेवटच्या पानावर ठेवला की क्षमा फुकटात मिळते. तो मध्यावर हवा. १३ एप्रिल १७०० ला सुरुंग उडाले, तट ढासळला. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. मग 'ठरलेला नवरा गाडला गेला' ही अफवाही खपते आणि त्याचं परत येणंही.

हरिपूर :
त्याची वाट कशाला बघायची? तिला वाचता येत नसेल, डोळे आहेत ना. वर्षभर रुमालात, म्हणजे दप्तर बांधायच्या फडक्यात, दाबलेल्या कागदाची घडी चापट बसते, घडीच्या रेषेवर तो विरतो. जासुदाने कमरेला खोचून आणलेला घामाने मऊ पडतो, चुरगळतो. फक्त दप्तराचे रुमाल तीच बांधते हे तीसेक पानं आधी दाखवून ठेवा, नाहीतर ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल.

कृष्णाकाठ :
हे मान्य. पण मग तिलाही सोवळी ठेवू नका. कळल्यावर तिने आठ दिवस चकार शब्द काढू नये, त्याच्याच हातून किल्ल्यावर पत्र लिहवून घ्यावं आणि ते दुसऱ्याकडून वाचवून बघावं. डाव तिचाही असू दे.

यवतेश्वर :
असू दे की. फक्त त्या पत्रानंतर लग्न कारकुनाशी नको.