लवाद म्हटलं की नक्की काय समजायचं? आर्बिट्रेशन, अवॉर्ड, सीट, फोर्स मेजर वगैरे

अनुवादिका :
नमस्कार मंडळी, पंधरा दिवस एका शब्दावर अडकलेय म्हणून विचारतेय. वीज, तेल, गॅस यांच्या आंतरराष्ट्रीय भांडणांवर एक पुस्तिका मराठीत करतेय. म्हणजे परदेशी कंपनी एखाद्या देशात वीजप्रकल्प उभारते किंवा तेलविहीर खणते, पुढे सरकार बदलतं, धोरण बदलतं, पैसे थकतात आणि भांडण नेहमीच्या कोर्टात न जाता लंडन, पॅरिस, हेग, सिंगापूर असं कुठेतरी तीन जणांसमोर चालतं. याला आपण लवाद म्हणतो, १९९६ चा कायदासुद्धा लवाद आणि समेटाचाच आहे. म्हणून मी सगळीकडे लवाद लिहिलं आणि पहिली चार पानं आईला वाचायला दिली. आई कराडची, शिक्षिका होती, रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते. तिचा पहिलाच प्रश्न, "हा लवाद नेमला कुणी, केंद्राने?"

आणि तिचं बरोबरच आहे. कृष्णेच्या पाण्याचा बच्छावत लवाद, आता राष्ट्रीय हरित लवाद, हे सगळे सरकारने कायद्याखाली बसवलेले, त्यांच्यापुढे जायचं की नाही हे पक्षकाराच्या हातात नसतं. आर्बिट्रेशनमध्ये उलटं असतं, दोघांनी आधीच करारात लिहून दिलेलं असतं की भांडण झालंच तर अमुक नियमांनी सोडवू, बहुतेक वेळा एक माणूस तुमचा, एक माझा आणि तिसरा त्यांच्या वरचा. म्हणजे सगळा डोलारा संमतीवर उभा आणि आपला शब्द वाचून वाचणाऱ्याला आठवतो सरकारी हुकूम. शिवाय प्रक्रियेलाही आपण लवाद म्हणतो, तिघांच्या मंडळालाही लवाद म्हणतो आणि जुन्या लिखाणात तर निकाल देणाऱ्या एकट्या माणसालाही लवाद म्हटलंय.

मला सुचतंय ते असं, प्रक्रियेला लवाद, माणसाला पंच, तिघांना पंचमंडळ, आणि सरकारने बसवलेलं असेल ते न्यायाधिकरण. पटतंय का सांगा. दुसरं म्हणजे अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निकाल. एका वृत्तवाहिनीच्या पट्टीवर मी "कंपनीला अब्ज डॉलरचा पुरस्कार" असं वाचलंय, खूप वाईट वाटलं. निवाडा म्हटलं तर चालेल ना?

वेलदूरचा :
ताई, निवाडा चालेल काय, निवाडाच हवा. आमच्या गुहागर तालुक्यात हा शब्द पोरासोरांना माहीत आहे कारण जमीन संपादन झाली की जो कागद हातात येतो त्याच्यावर मोठ्या अक्षरात निवाडाच छापलेलं असतं. वडिलांनी आमचा ट्रंकेत ठेवलाय, घडीवर फाटलाय आता, त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आंब्याची कलमं किती, काजू किती, दर काय, सगळं ओळीने. इंग्रजीत त्यालाही अवॉर्डच म्हणतात. म्हणजे शब्द तयार आहे, रुळलेला आहे, पुरस्कार लिहिणाऱ्याने तलाठ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आणि लवादाचं म्हणाल तर आमच्या गावाने तो दोनदा पाहिलाय. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाला नाव दाभोळचं पण तो आहे खाडीच्या अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवी भागात, दाभोळ पलीकडे दापोली तालुक्यात. १९९३ मध्ये वीज मंडळाबरोबर खरेदी करार झाला, ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, तेव्हा कंपनीने लंडनला लवाद सुरू केला, मग फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये मिटलं. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्त्यावर, आणि २००१ मध्ये बिलं थकली, परत लवाद. तेव्हा मी कॉलेजात होतो, एसटी स्टँडवर माणसं विचारायची की कोर्ट मुंबईत आहे, प्रकल्प इथे आहे, मग निकाल लंडनात का? कुणीही नीट सांगितलं नाही की तसं आपल्याच मंडळाने सही करून कबूल केलेलं आहे. "लवाद बसला" एवढंच छापून यायचं आणि लोकांना वाटायचं इंग्रज परत आले. त्यामुळे तुमच्या आईंचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

एक राहिलं, एन्रॉन बुडाल्यावर उरलेले दोन अमेरिकन भागीदार भारत आणि मॉरिशसमधल्या गुंतवणूक कराराखाली भारत सरकारविरुद्ध लवादात गेले. अमेरिकन कंपन्या आणि करार मॉरिशसचा! २००५ मध्ये तडजोड झाली. म्हणजे एकाच प्रकल्पात दोन जातीचे लवाद, एक कंपनी विरुद्ध वीज मंडळ, खरेदी करारातून आलेला, आणि एक गुंतवणूकदार विरुद्ध देश, दोन देशांच्या तहातून आलेला. पुस्तिकेत हे दोन वेगळे दाखवा, नाहीतर वाचणारा गोंधळतो. मी पहिल्याला करारातला आणि दुसऱ्याला तहातला लवाद म्हणेन.

साताऱ्याचा वकील :
निवाड्याला माझं अनुमोदन. पण पंच नको. पंच म्हटलं की फौजदारी कोर्टात पंचनाम्यावर सही करणारा माणूस डोळ्यासमोर येतो, म्हणजे साक्षीदार, निकाल देणारा नाही. माझे अशील तरी असंच समजतील. प्रक्रियेला लवाद, माणसाला लवादकार म्हणा हवं तर, आणि तिघांना लवाद मंडळ.

निवाडा शब्दाचा मात्र एक धोका आहे, निवाडा झाला म्हणजे मिटलं असं ऐकणाऱ्याला वाटतं. आपल्या जिल्हा कोर्टातसुद्धा हुकूमनामा हातात आला की खरी कसरत दरखास्तीत असते, वसुलीसाठी परत अर्ज, परत नोटीस, जप्ती. तिकडेही तेच, आणि ऊर्जेच्या भांडणांत आज सगळ्यात जास्त लढाई तिथेच चाललीय. युकोस या रशियन तेल कंपनीच्या भागधारकांना जुलै २०१४ मध्ये ५० अब्ज डॉलरचे निवाडे मिळाले. हेगच्या जिल्हा न्यायालयाने ते २०१६ मध्ये रद्द केले, अपील कोर्टाने २०२० मध्ये परत उभे केले, आणि डच सर्वोच्च न्यायालयात त्यांचा शेवट लागायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. अकरा वर्षं झाली आणि रशियाने अजून दमडी दिलेली नाही.

स्पेनचं तर दरखास्त या शब्दाशिवाय सांगताच येणार नाही. सौरऊर्जेला चढे दर कबूल केले, लोकांनी पैसे ओतले, मग मंदीत दर कापले, त्यावर पन्नासच्या आसपास लवाद झाले आणि स्पेन बऱ्याच ठिकाणी हरलं. पण युरोपीय आयोग म्हणतो की हे पैसे देणं म्हणजे बेकायदा सरकारी मदत, मार्च २०२५ मध्ये अँटिन प्रकरणातल्या सुमारे १० कोटी युरोच्या निवाड्याबद्दल त्यांनी तसा निर्णयच दिला. म्हणून निवाडे घेतलेली मंडळी ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंड अशा कोर्टांत वसुलीला जातात. केर्न कंपनीला आपल्या सरकारविरुद्ध मिळालेला निवाडा आठवा, वाद कराचा होता पण कंपनी तेलाची, डिसेंबर २०२० चा निवाडा आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच. त्यानंतर महिन्याभरात पूर्वलक्षी कराचा कायदाच मागे घेतला. टाच हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, गोठवणे हा बर्फाचा शब्द आहे.

मिरजवाला :
मध्यस्थ हा शब्द कुठेही घालू नका एवढीच विनंती. हिंदीत कायद्याचं नाव माध्यस्थम् आहे म्हणून भाषांतरकार बिनदिक्कत मध्यस्थ लिहितात. मराठीत मध्यस्थ म्हणजे समजूत घालणारा, लग्न जमवणारासुद्धा, त्याचं ऐकायचं का नाही ते आपल्यावर. लवादकाराचं ऐकावंच लागतं.

पाइपलाइन :
मी गॅसच्या कराराचं काम करतो, रोजचा शब्द फोर्स मेजर, म्हणजे आपल्या हाताबाहेरचं संकट आलं म्हणून करार पाळता आला नाही तर सूट देणारं कलम. भाषांतरात दैवी आपत्ती लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो कारण आमच्याकडे पूर आणि वादळापेक्षा सरकारी बंदी आणि निर्बंध जास्त आडवे येतात. आपल्याकडे अस्मानी-सुलतानी हा इतका नेमका जोडशब्द आहे की इंग्रजीला हेवा वाटावा. आभाळातून आलं ते अस्मानी, राजाकडून आलं ते सुलतानी. आणि मला वाटतं ताईंच्या पुस्तिकेचं अर्धं काम हा एक शब्द करेल, कारण तहातला लवाद म्हणजे सुलतानीची भरपाई मागणं.

उदाहरण देतो. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने २०१२ मध्ये गाझप्रॉम या रशियन गॅस कंपनीच्या सिंगापूरमधल्या कंपनीबरोबर वीस वर्षांचा करार केला, वर्षाला साधारण २५ लाख टन द्रवरूप गॅस. ती कंपनी गाझप्रॉमच्या जर्मनीतल्या पसाऱ्याचा भाग होती. युक्रेन युद्ध सुरू झालं, एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने तो पसारा ताब्यात घेतला, रशियाने उलटे निर्बंध लावले, आणि इकडे येणारी जहाजं थांबली. आता ही अस्मानी की सुलतानी? आणि सुलतानी असेल तर कुणाची, बर्लिनची का मॉस्कोची? आणि गॅस बाजारात मिळत असताना, फक्त महाग मिळतोय म्हणून, "आमचा इलाज नव्हता" म्हणता येतं का? हे तीन प्रश्न आमच्या धंद्यातल्या जवळजवळ प्रत्येक भांडणात येतात. गेल लंडनला लवादात गेलं, मागणी १.८ अब्ज डॉलरपर्यंत होती, जानेवारी २०२५ मध्ये २८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटलं.

अजून एक. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीच्या पट्ट्यातला गॅस रिलायन्सच्या विहिरींकडे गेला यावरचा वाद, सरकारची मागणी १.५५ अब्ज डॉलरची, २०१८ चा निवाडा रिलायन्सच्या बाजूने, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. त्या गॅसला पेपरात स्थलांतरित वायू लिहितात. स्थलांतर माणसं करतात, पक्षी करतात. दगडाच्या फटींतून कमी दाबाकडे सरकत जातो त्याला सरकलेला किंवा झिरपलेला म्हणा, शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी ओढलं जातं हे आपल्या शेतकऱ्याला न सांगता कळतं.

अनुवादिका :
अस्मानी-सुलतानी! घेतलाच. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही. दरखास्त आणि टाचही घेते. वकीलसाहेब, पंचनाम्याचं मला सुचलंच नव्हतं, पण लवादकार कानाला नवीन वाटतोय, बघते.

आता सनसेट क्लॉज. ऊर्जा सनद करार, ऊर्जेतल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा, १९९४ चा, त्यातून युरोपीय संघ जून २०२५ मध्ये बाहेर पडला, ब्रिटन त्याच्या आधी एप्रिलमध्ये. पण करारात लिहिलंय की बाहेर पडल्यावरही जुन्या गुंतवणुकीला वीस वर्षं संरक्षण. इटली २०१६ लाच बाहेर, तरी समुद्रातलं तेल काढायला परवानगी नाकारली म्हणून रॉकहॉपर कंपनीने त्यानंतर दावा लावला आणि २०२२ मध्ये सुमारे १९ कोटी युरोचा निवाडा मिळवला (तो जून २०२५ मध्ये रद्द झाला, एका लवादकाराने स्वतःबद्दलची महत्त्वाची गोष्ट आधी उघड केली नव्हती म्हणून). भाषांतरात सूर्यास्त कलम असं दिसतं. पण सूर्यास्त म्हणजे संपलं, आणि हे कलम सांगतं की संपलेलं नाही! मला संधिप्रकाश सुचला, बुडाल्यावर मागे राहतो तो उजेड.

साताऱ्याचा वकील :
सुंदर आहे पण कवितेत. अर्जात लिहिलं तर न्यायाधीश चष्मा काढून बघतील. करार संपल्यानंतरची मुदत, किंवा पश्चात-संरक्षण. सीटला आसन लिहू नका, तो खुर्चीचा प्रश्न नाही, कुठल्या देशाच्या कोर्टाचा लवादावर वचक राहणार त्याचा आहे. युकोसमध्ये सगळं डच कोर्टात का गेलं तर लवादाचं ठाणं हेग होतं म्हणून. सुनावणी दुबईत घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, ठाणं बदलत नाही.

वेलदूरचा :
ठाणं एकदम बरोबर. एसटी स्टँडवरच्या त्या माणसांना हेच सांगायला हवं होतं, की करारात ठाणं लंडन लिहिलंय. आणि ताई, करार संपल्यानंतरची मुदत हेच ठेवा, आमच्याकडे खंडाच्या करारात पण लोक असंच बोलतात.

अनुवादिका :
काल आईला पानं परत दिली. लवाद, लवाद मंडळ, ठाणं, निवाडा, दरखास्त, सगळं घातलं, आणि पहिल्याच परिच्छेदात "दोघांनी करारात आधीच कबूल केलेला" हे शब्द लवादाच्या आधी टाकले. या वेळी केंद्राचा प्रश्न आला नाही. तिने विचारलं, "दोघांनी एकेक माणूस निवडला हे कळलं, पण तिसऱ्याचे पैसे कोण भरतं?" सुरुवातीला दोघं निम्मे निम्मे अनामत भरतात आणि शेवटी कुणावर किती पडायचे ते मंडळच निवाड्यात ठरवतं, हे मी पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता लिहितेय. या अनामतीला कराराच्या भाषेत काही वेगळा शब्द वापरता का पाइपलाइन?