सँटोरिनीत कड्यावरचं छोटं हॉटेल, सोबत गुडघे दुखणारी आई: खोली कुठे नि कशी घ्यावी?

बागवाला_देवगड

नमस्कार मंडळी. मी, बायको आणि आई (वय 68) ग्रीसला जायचं म्हणतोय. आंबा संपेपर्यंत बाग सोडता येत नाही आणि गणपतीत घर, त्यामुळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढाच काळ हातात आहे. एकूण सात रात्री. बायकोला सँटोरिनी बेटच हवं, तेही कड्यावरचं दहाबारा खोल्यांचं, जरा उंची हॉटेल. आई चार पायऱ्या चढते, चाळीस नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे.

इया गाव घ्यावं की दुसरं? त्या गुहेसारख्या खोल्यांना ओल असते का? गच्चीवरचा पोहण्याचा छोटा पूल खरोखर वापरात येतो का? आणि अथेन्सहून बोट बरी की विमान? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

खिडकीजवळ (चिपळूण)

दादा, तुमचा काळ उत्तम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेचा कोरडा, जोरकस वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. सप्टेंबरअखेर तो बराच उतरलेला असतो आणि समुद्र अजून कोमट असतो. अर्थात तिथला कोमट म्हणजे 23-24 अंश. आपल्या पाण्याची सवय असलेल्याला पहिल्या बुडीला गारच लागेल.

आता पायऱ्या. तुमचा सगळा बेत या एकाच गोष्टीवर ठरेल. फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि इया ही गावं ज्वालामुखी खचून झालेल्या कड्याच्या ओठावर आहेत. हॉटेलं त्या उतारावर एकाखाली एक अशी उतरत गेलेली. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, पुढे सगळं पायी. सामान हॉटेलचा माणूस खांद्यावरून नेतो, पण माणसाला आपल्या पायांनीच उतरावं लागतं. लिफ्ट क्वचित. त्यातून पायऱ्यांची उंची सारखी नसते, एक चार इंच तर पुढची नऊ इंच, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. गुडघ्याला चढण्यापेक्षा हे उतरणं जास्त जाचतं.

म्हणून आरक्षणाआधी हॉटेलला मेल करा आणि नेमके हे प्रश्न विचारा: गाडी थांबते तिथून स्वागतकक्षापर्यंत किती पायऱ्या? तिथून आमच्या खोलीपर्यंत किती? नाश्ता खोलीत मिळतो की वर चढून यावं लागतं? खोलीच्या आत पायऱ्या आहेत का? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण बऱ्याच खोल्यांत तिसरा पलंग पोटमाळ्यावर असतो आणि तिथे जायला शिडीवजा जिना. नाहीतर तिसऱ्या माणसाला भिंतीतच बांधलेल्या ओट्यावर गादी टाकून देतात. "फार नाहीत हो पायऱ्या" असं मोघम उत्तर आलं तर ते हॉटेल सोडून द्या. आकडा सांगणारंच घ्या.

सूर्यास्ताबद्दल एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. इयाची कड्याकडची बाजू मुख्यतः दक्षिणेला तोंड करून आहे. सप्टेंबरअखेर सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला मावळतो, सात-सव्वासातला. म्हणजे इयातल्या पुष्कळ गच्च्यांवरून तो थेट दिसत नाही, गावाच्या टोकाला गर्दीत जाऊन बघावा लागतो. फिरोस्तेफानी नि इमेरोविग्लीचं तोंड पश्चिमेला, तिथे खुर्चीत बसून दिसतो. आईंसाठी माझं मत फिरोस्तेफानी: वरच्या ओळीतली खोली, रस्त्यापासून जवळ. याहून सोपं हवं तर बेटाच्या दक्षिणेला आक्रोतिरीकडे बघा. तिथे कडा बुटका आहे, गाडी दाराशी जाते अशी हॉटेलं मिळतात, आणि समोर खाडीपलीकडे फिरा-इयाची पांढरी रांग दिसते.

ओसरी (मालवण)

ओलीचं मी सांगते. या खोल्या ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या राखेत खोदलेल्या आहेत. खोली लांबट, छत कमानीचं, दार-खिडक्या फक्त पुढच्या भिंतीला. मागच्या तीन बाजू डोंगरात, त्यामुळे उन्हाळ्यात गार राहते, पण हवा आरपार खेळत नाही. न्हाणीघर बहुधा अगदी मागे असतं आणि आंघोळीची वाफ तिथेच कोंडते. फोटो मोठा करून मागच्या भिंतीचा जमिनीपासून हातभर भाग बघा. तिथे चुना फुगलेला किंवा पिवळट डाग दिसला तर ओल आहे. एसीच्या जोडीला हवेतली आर्द्रता ओढणारं यंत्र खोलीत आहे का, तेही विचारा. हिवाळाभर बहुतेक हॉटेलं बंद असतात, म्हणून एप्रिलमध्ये ओल सगळ्यात जास्त. तुम्ही जाल तेव्हा भिंती उन्हाळाभर सुकलेल्या असतील.

पुलाचं म्हणाल तर "प्रायव्हेट" या शब्दावर जाऊ नका. वरच्या ओळीतल्या गच्चीवरून खालचा पूल पूर्ण दिसतो, आणि इयात तर वाटेवरचे पर्यटकही डोकावतात. पश्चिमेच्या उतारावर सकाळभर सावली असते, ऊन दुपारनंतर येतं. त्यामुळे न तापवलेला पूल ऑक्टोबरात समुद्रापेक्षाही गार लागू शकतो. तापवलेला आहे का, किती अंशांपर्यंत, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे लेखी घ्या.

खोलीच्या दरात न धरलेला एक सरकारी कर असतो, तो हॉटेलात पोचल्यावर भरायचा. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पंचतारांकितला खोलीमागे रात्रीला 15 युरो, चार ताऱ्यांना 10, तीनला 5. दोन खोल्या घेतल्या तर दुप्पट धरा. काही ठिकाणं ताऱ्यांऐवजी किल्ल्यांनी मोजतात, एक ते चार. ती हॉटेलं नव्हेत, स्वयंपाकघर असलेल्या राहायच्या खोल्या. आईंसाठी वरण-भात टाकायचा असेल तर उलट तीच सोयीची.

नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटलीचं घ्या. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद असतात, पटकन तुंबतात. महागड्या हॉटेलातही हाच नियम असतो.

बागवाला_देवगड

फार उपयोगी. मग तीन रात्री सँटोरिनी आणि तीन शेजारच्या नाक्सोस बेटावर सपाटीला, असं केलं तर? बोटीने दोनेक तासांचं अंतर दिसतंय.

डेक_कॅडेट (दापोली)

नाक्सोस सुंदर आहे आणि किनाऱ्याला लागून सपाट हॉटेलंही मिळतात, पण तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. बोट धक्क्याला काही मिनिटंच लागते. सगळ्यांनी आधीच खाली गाड्यांच्या डेकवर येऊन उभं राहायचं, फळी पडली की सामान ओढत उतरायचं, त्याच वेळी ट्रक बाहेर निघत असतात. चढताना सामान खाली ठेवून जिन्याने वर. सरकता जिना मोठ्या बोटींवर असतो, सगळ्यांवर नाही. सात रात्रींत हे दोनदा करण्यात आईंचे हाल होतील.

अथेन्सहून विमानानेच जा, पाऊण तास लागतो. पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) मोठी बोट साडेसात-आठ तास घेते, वेगवान साधारण पाच. वेगवान बोट लाटेत जास्त आपटते आणि वाऱ्यात आधी तीच रद्द होते. आपल्या बंदरावर बावटा लागला की होड्या बाहेर पडत नाहीत, तसंच तिथलं बंदर खातंही वाऱ्याचा जोर बघून बोटी अडवतं. म्हणून बोट घ्या वा विमान, परतीच्या आधीची शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. पाच रात्री सँटोरिनी, दोन अथेन्स.

खिडकीजवळ (चिपळूण)

डेक_कॅडेटशी सहमत. फक्त पाचही रात्री कड्यावर काढू नका, पैसे उगाच जातात. तीन रात्री फिरोस्तेफानी, दोन कामारीला. कामारी पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे, सपाट, काळ्या खड्यांचं. समुद्राकाठी लांब सरळ वाट आहे, आई तिथे रोज फिरतील. भरती-ओहोटी तिथे वीतभरच, त्यामुळे पाणी दिवसभर एकाच जागी असतं. खडे मात्र तापतात आणि टोचतात, रबरी चपला न्या.

व्हिसाचं: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान 15 दिवस आधी करावाच लागतो, आणि निकालाला 45 दिवसही लागू शकतात. शुल्क प्रौढाला 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. हॉटेलच्या पावतीवर तिघांचीही नावं हवीत, नुसतं "बागवाले + 2" चालत नाही. आधी रद्द करता येणारा दर घ्या, व्हिसा हातात आल्यावर परत न मिळणाऱ्या स्वस्त दराकडे वळा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला यावं लागेल. त्या वेळी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असलं तर आदल्या दिवशीच पोचा, त्याच सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. विमानाच्या दिवशीही तेच.

ओसरी (मालवण)

आईंचं जेवण: "फावा" मागवा. तिथल्याच पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. टोमॅटोची भजी मिळतात. भरली ढोबळी मिरची-टोमॅटो मागताना खिमा नाही ना, हे विचारा, कारण दोन्ही प्रकार असतात. तेलात शिजवलेल्या भाज्यांना "लादेरा" म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवा. तुम्ही मासे खाणार असाल तर ताजा मासा किलोवर असतो. आधी वजन करून दाखवायला सांगा. नावापुढे चांदणी असली तर गोठवलेला.

आणि दादा, कुणाला द्यायला म्हणून आंबे किंवा दुसरी ताजी फळं बॅगेत घेऊ नका, वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय विमानतळावर काढून घेतात. तूप, पेढे, खवा यांनाही बंदी. नारळ चालतो. कुळथाचं पीठ आणि आमसुलं न्या, खोलीत किटली असते, आईंच्या पोटाला बरं पडेल.