लाकडी टेकडाऊन धनुष्याला स्टॅबिलायझर लावावा का? (62 इंच, 35 पाउंड, हाताला झटका बसतो)

परभणी_तिरकमठा

राम राम मंडळी. 62 इंची लाकडी टेकडाऊन रिकर्व्ह आहे (भुजा सुट्या होतात, टोकं पुढे वळलेली), 28 इंच ओढीला 35 पाउंड जोर. उजव्या हाताने, शेल्फवरूनच (मुठीच्या वरच्या खाचेवरून) मारतो, बाण टेकवायला वेगळी रेस्ट नाही. बाण सुटला की धनुष्य धरलेल्या हाताला जोरात झटका बसायलाय, झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. दोरीचा आवाजही खणकन येतो. 20 मीटरवर सगळे बाण डावीकडे जातात.

मापं देतो. ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) साडेसहा इंच. दोरी डॅक्रॉनची, 12 पदरी. टिलर (भुजेच्या बुडापासून दोरीचं अंतर) वर 152 मिमी, खाली 157. बाण कार्बनचे, 400 स्पाइन (ताठपणाचा आकडा, जितका कमी तितका बाण ताठ), 29 इंच, टोक 80 ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), पूर्ण बाण 18 ग्रॅम.

मैदानावरचे लोक म्हणायलेत की ग्रिपखाली भोक पाडून पितळी बुशिंग (आट्याची नळी) बसव आणि 10 इंची स्टॅबिलायझर (समोर लावायची वजनाची दांडी) लाव. फायदा होईल का? स्पर्धेत चालतं का? आणि पुतण्या बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळतो, त्यालाही झटका बसतो. त्या धनुष्याला वजन बांधलं तर?

---

गोदाकाठ_नांदेड

दादा, भोक आत्ता पाडू नका. तुमच्या मापांतच चार दुखणी दिसताहेत आणि त्यातलं एकही स्टॅबिलायझरने बरं होत नाही. स्टॅबिलायझर फार तर ते झाकून ठेवील.

पहिलं टिलर. वरचं माप खालच्यापेक्षा 5 मिमीने कमी आहे, म्हणजे उलटं. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरून ओढणाऱ्यासाठी खालचा लिम्ब (भुजा) थोडा ताठ करतात, त्यामुळे वरचं माप साधारण 3 ते 6 मिमीने जास्त यायला पाहिजे. तीन बोटं बाणाखाली धरत असाल तर दोन्ही मापं जवळपास सारखी. तुमचा आकडा बरोब्बर उलट्या दिशेला आहे, म्हणजे लिम्ब वरखाली बदलून बसलेत असा माझा दाट संशय आहे. बहुतेक कारागीर पाउंड आणि लांबीचा मजकूर खालच्या लिम्बवर लिहितात. आज दोरी उतरवली की तो मजकूर वर आहे का खाली, ते बघा. उलट्या लिम्बांत एक आधी थांबतो, दुसरा नंतर, आणि तो मधला फरक तुमच्या मनगटात येतो.

दुसरं ब्रेस हाइट. 62 इंची रिकर्व्हला साडेसहा फारच कमी. साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान तिची जागा असते. दोरी उतरवा, पाच पीळ वाढवा, परत चढवा, सहा बाण मारा आणि कान देऊन ऐका. असं करत वर जा. एका ठिकाणी खणकन जाऊन ठप्प असा बसका आवाज येईल, त्याच्याही वर गेलात की आवाज पुन्हा वाढेल. त्या बसक्या आवाजाची जागा पेन्सिलने लिहून ठेवा. डॅक्रॉन नवी असेल तर शंभरेक बाणांत ताणते, म्हणून नंतर पुन्हा मोजा.

तिसरं बाणाचं वजन. 18 ग्रॅम म्हणजे सुमारे 278 ग्रेन, 35 पाउंडाला भागलं तर पाउंडामागे 8 ग्रेनही भरत नाहीत. लाकडी धनुष्याला 9 ते 10 द्या. हलका बाण लिम्बमधली सगळी ताकद घेऊन जाऊ शकत नाही, उरलेली तुमच्या हाताला आणि रायझरच्या (मधल्या मुठीच्या भागाच्या) सांध्यांना मिळते. टोक 80 चं काढून 150 ग्रेनचं लावलं की 348 ग्रेन होतात, म्हणजे पाउंडामागे जवळजवळ 10. बाण तोलायला सोनाराचा काटा उत्तम, 10 मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो.

चौथं स्पाइन. 400 चा कार्बन 35 पाउंडाला फार ताठ. शेल्फवरून मारताना बाणाने रायझरच्या कडेला वळसा घालून जायला हवं, ताठ बाण वाकत नाही, कडेला घासतो आणि उजव्या हाताच्या माणसाचे बाण डावीकडे जातात. डावीकडचं कारण इथे आहे, हाताच्या थरथरीत नाही.

आता स्टॅबिलायझरचं बोलू. तो दोन कामं करतो: धनुष्याला वळायला जड करतो आणि उरलेली कंपनं थोडी खातो. पहिलं काम अंतराच्या वर्गाने वाढतं. तेच 200 ग्रॅम वजन ग्रिपपासून 5 सेंमीवर न ठेवता 25 सेंमीवर ठेवलं तर वळण्याला होणारा विरोध पाचपट नाही, पंचवीसपट होतो. म्हणून दांडी लांब असते. पण समोरची दांडी धनुष्याला डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळू देत नाही, बाजूला कलण्यावर तिचा जवळजवळ काहीच परिणाम नाही. धनुष्य तिरकं धरून मारायची सवय असेल तर तिच्याकडून स्थिरतेची फार अपेक्षा ठेवू नका. उलट ग्रिपखाली लटकणारं वजन धनुष्याला उभं ओढतं आणि तिरकं धरणाऱ्याला सारखं त्याच्याशी झगडावं लागतं.

खर्च न करता तपासायचंय? हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वॉशर आणा, 150 ग्रॅम भरतील इतके. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून त्याने ते रायझरच्या खालच्या भागाला समोरून करकचून बांधा. वॉशर एकमेकांवर वाजता कामा नयेत. 30 बाण वजनासकट, 30 बाण वजनाशिवाय, एकाच दिवशी. फरक कागदावर दिसला तरच पुढचा विचार.

---

औंढा_फील्ड

स्पर्धेचं मी सांगते, कारण इथेच लोक फसतात. वर्ल्ड आर्चरीच्या बेअरबो गटात (नेम धरायचं साधन न लावता मारायचा गट) वजन चालतं, पण ते थेट रायझरवर बसलेलं पाहिजे. दांडी नाही, लांबवणी नाही, मधे रबरी डॅम्पर नाही. शिवाय दोरी उतरवलेलं धनुष्य वजनासकट 12.2 सेंमी आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हायला लागतं. लाकडी रायझर पोटात जाड असतो, त्यामुळे समोर 3-4 सेंमीचं वजन लावलं की कडं अडतं. पुठ्ठ्याला त्या मापाचं भोक पाडून घरीच बघा. ट्रॅडिशनल आणि लाँगबो गटात तर बाहेरून लावलेलं वजन किंवा स्टॅबिलायझर काहीच चालत नाही. म्हणजे 10 इंची दांडी यातल्या एकाही गटात बसत नाही, ती फक्त सरावापुरती राहील. आणि जे स्पर्धेत काढून ठेवायचंय त्यावर सराव करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हाताला तोल एकाचा लागतो आणि मारायचं दुसऱ्याने.

आवाजासाठी दोरीवर लोकरीचे गोंडे लावा, ते चालतात. घोंगडीची जाड लोकर घ्या, 5 सेंमीचे दहा-बारा धागे, दोरीच्या पदरांतून ओवून मधोमध घट्ट गाठ. एक गोंडा एक-दोन ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर बांधू नका, वेगवेगळ्या अंतरावर बांधले की कंपन लवकर मरतं. एक पाव लांबीवर आणि दुसरा एक तृतीयांशावर बांधायची जुनी पद्धत आहे, पण फील्ड आणि थ्रीडी स्पर्धांच्या नियमात गोंडा नॉकिंग पॉइंटपासून (दोरीवर बाण अडकवायची जागा) किमान 30 सेंमी लांब लागतो. तुमची दोरी 58 इंचांच्या आसपास असणार, तिथे एक तृतीयांश म्हणजे टोकापासून 19 इंच, नॉकपासून जेमतेम 25 सेंमी. बाद. म्हणून वरचा साडेचौदा इंचांवर आणि खालचा साडेसोळावर ठेवा. पावसाळ्यात लोकर पाणी पिते आणि जड होते, तेव्हा रबराचे गोंडे लावा.

बुशिंग बसवायचंच ठरलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. धनुर्विद्येच्या सामानाचा आटा 5/16-24 असतो. आपल्या बाजारातला 8 मिमीचा बोल्ट दिसायला अगदी तसाच, दोन फेरे आत जातोही, मग अडकतो. दोन्हींच्या जाडीत केसाएवढा फरक आहे, पण आट्याचं अंतर 1.06 आणि 1.25 मिमी. पान्याने जोर लावलात की पितळेचा आटा गेला, आणि ते बुशिंग लाकडातून काढताना लाकूडही सोबत येतं. भोक हातातल्या ड्रिलने पाडू नका, स्टँडवरच पाडा. आधी 3 मिमीचं, मग बुशिंगच्या मापाचं, तेही पहिल्यांदा त्याच जातीच्या टाकाऊ लाकडात. भोक 2 अंशांनी तिरपं गेलं तर 25 सेंमीच्या दांडीचं टोक जवळजवळ 9 मिमी बाजूला जातं. चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी, 24 तास हात लावायचा नाही. फेविक्विकसारखं झटपट गोंद नको, ते ठिसूळ असतं आणि झटक्यांनी तडकतं. लिम्ब बोल्टच्या जवळ भोक कधीच पाडू नका, सगळा ताण तिथेच येतो.

---

किनवट_बांबू

पुतण्याच्या धनुष्याबद्दल. त्याला भोक नाही, स्क्रू नाही, खिळा नाही. बांबूची ताकद त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीखालच्या धाग्यांत असते. लक्ष्याकडच्या बाजूला तीच साल राहते, तिला कोरलं की धागे तुटतात आणि पुढे कधीतरी पूर्ण ओढीला तिथूनच चीर जाते. पेरं रंध्याने सपाट करणारेही हीच चूक करतात. पेर थोडं उंचच राहू द्यायचं.

इंडियन राउंडला बांबू-लाकडाचं साधं धनुष्य, 30 आणि 50 मीटर. स्टॅबिलायझरचा प्रश्नच येत नाही. मुठीवर जादा काय गुंडाळलेलं चालतं ते त्या-त्या स्पर्धेच्या परिपत्रकात बघा, पंचांना आधी दाखवा.

बांबूत झटक्याचं कारण बहुतेक वेळा टोकं जड असणं. मुठीतलं वजन वाढवण्यापेक्षा टोकांतलं कमी करा. शेवटचे 15 सेंमी बाजूंनी निमुळते करा, काचेच्या तुकड्याने खरवडत, दोन्ही टोकांना सारखं. पोटाकडून (आपल्याकडच्या बाजूने) थोडंच, सालीकडून अजिबात नाही. दर वेळी दोरी चढवून अर्ध्या ओढीला वीस वेळा ओढा आणि दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते समोर भिंतीवर आखलेल्या रेघांवर बघा. रिकामी दोरी मात्र कधीच सोडू नका, बाणाशिवाय सोडलेली एक दोरीही बांबू फोडू शकते.

मानवेल (बांबूची जात) भरीव असतो म्हणून टिकतो, पण आपल्याकडचं हवामान त्याला सोसत नाही. मेमध्ये 42-43 अंशांत पार वाळून ठिसूळ होतो, आषाढात ओल पिऊन मऊ पडतो आणि पाउंड उतरतात. उन्हाळा लागायच्या आधी जवसाचं तेल कापडाने पातळ लावा, दोन दिवस सुकू द्या, असे तीन हात. शेंगदाण्याचं तेल नको, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. दादा, तुमचं टेकडाऊनही दुपारच्या बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने थरांमधला गोंद मऊ होऊन लिम्ब उकलतात.

---

परभणी_तिरकमठा

मजकूर वरच्या लिम्बवरच होता! लिम्ब बदलले, आता वर 157, खाली 152. ब्रेस हाइट पावणेआठवर आवाज बसका आला. टोकं 150 ची लावली. झिणझिण्या गेल्या, थोडा धक्का उरलाय पण मनगटापर्यंतच. बाण मात्र अजून एक वीतभर डावीकडे. आता 150 ग्रॅम वजन लावून बघू का?

---

गोदाकाठ_नांदेड

नाही दादा, वजनाने बाण उजवीकडे येणार नाहीत. 400 च्या कांड्या 150 च्या टोकानेही 35 पाउंडाला ताठच राहणार. आधी शेल्फच्या कडेला चिकटवलेलं चामडं किती जाड आहे ते बघा. 2 मिमीच्या वर असेल तर पातळ लावा, तेवढ्यानेही थोडा फरक पडेल. मग 600 स्पाइनच्या तीनच कांड्या घ्या, पूर्ण लांबीच्या, न कापता. दोन पिसांच्या आणि एक बिनपिसांची, 15 मीटरवरून. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागला तर कांडी मऊ आहे, मग तिन्ही कांड्या पाव-पाव इंच कापत जा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा मारा. तो डावीकडेच लागला तर कापू नका, टोक 175 चं करा. तो पिसांच्या खाली लागत असेल तर नॉकिंग पॉइंट वर आहे, एकेक मिमी खाली घ्या. शेल्फवरून मारताना तो बाणाच्या काटकोनापेक्षा अर्धा ते पाऊण इंच वर धरून सुरुवात करतात. नॉकिंग पॉइंटची पितळी कडी आत्ताच दाबू नका, जागा पक्की होईपर्यंत दोऱ्याचीच गाठ ठेवा.