विषय: गणपतीतलं जास्तीचं पान

मंडळी नमस्कार,

मागे इथे कुणीतरी विचारलं होतं की दोन-दोन संस्कृतींचे सण करून पोरांचा गोंधळ होतो का. तेव्हा मी गावी होते, मालवण तालुक्यात, नेटवर्क धड नव्हतं, म्हणून आता टोरांटोला परत आल्यावर लिहितेय.

माझा नवरा पोलिश, हे बहुतेकांना माहितीये. त्यांच्याकडे २४ डिसेंबरच्या रात्री जेवायला बसताना टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. ते ताट मांडायचं काम दरवर्षी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं. तर २०२५च्या चतुर्थीला, २७ ऑगस्टला, आरत्या झाल्या, माजघरात पंगत बसायला लागली, पोरगी केळीची पानं मांडत होती, तिने शेवटी एक पान जास्तीचं मांडलं आणि त्यावर मीठ-लिंबू पण वाढून मोकळी झाली.

आई मोदकांची परात घेऊन येत होती ती उंबऱ्यातच थांबली. "ह्यां पान कोणाचां गो? आज गणपतीक वाडी ठेवतत काय?"

आमच्याकडे वाडी, म्हणजे असं माणूस नसलेलं पान, महाळातलं, पितरांचं. पोरगी एवढीशी झाली, मला वाटलं आता रडणार. मी मध्ये पडून समजवायला लागले, इकडे इंग्रजी तिकडे मालवणी, आणि कुणालाच काही कळेना. शेवटी पोरगीच म्हणाली, आजी, पाहुणा आला तर?

आईने परात खाली ठेवली, देवाजवळची रांगोळीची वाटी आणली आणि चिमटीने त्या पानाभोवती महिरप काढली. पितरांच्या पानाला रांगोळी घालत नाहीत ना, म्हणजे आता ते पितरांचं राहिलं नाही, पाहुण्याचं झालं. "बसा आता" म्हणाली आणि वाढायला लागली. आलं कुणीच नाही, ते पान गाईला घातलं. पण हे मला सुचलंच नसतं हो, मला एवढंच सुचत होतं की पान उचल.

– मालवणवाली

---

अगं किती बरं वाटलं वाचून.

मी मूळची अलिबागची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे ते तेलाचे घाणे चालवायला लागले आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली.

रिकामी जागा आमच्याकडे पण ठेवतात, मुलाच्या सुंतेच्या वेळी एलियाहू हनाबीची, म्हणजे आमच्या प्रेषिताची, खुर्ची. पण म्हणून "सगळं शेवटी एकच" असं मी म्हणणार नाही, लहानपणी कुणी तसं म्हटलं की मला राग यायचा, कारण आमचे नियम खूप होते आणि ते पाळायला कष्ट पडायचे. मासळीत खवले नसलेलं काही चालत नाही, म्हणजे कोलंबी, खेकडे, तिसऱ्या सगळं बंद, आणि राहायचं अलिबागला! मटणाबरोबर दूध-दही नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. आणि मूर्तीपुढचा नैवेद्य आम्ही खात नाही.

आता शेजारच्या काकूंना तर आम्हाला मोदक द्यायचेच असायचे. देवाच्या आधी कुणाला काढून द्यायचं नाही हा त्यांचा नियम, देवापुढचं खायचं नाही हा आमचा. मग त्या काय करायच्या, नैवेद्य, पंगत सगळं आटपलं की परत चूल पेटवून आमच्यासाठी वेगळा घाणा उकडायच्या, देवापुढे न गेलेला. दुपारी तीन-साडेतीनला, दिवसभर राबून झाल्यावर. तो डबा आला की आईचे डोळे भरून यायचे. त्या काकूंनी आम्हाला "एकदा खाल्लं तर काय होतंय" असं कधीच म्हटलं नाही, आणि हे मला आजही सगळ्यात मोठं वाटतं. तुझ्या आईची रांगोळी वाचून मला तो डबाच आठवला.

त्यांच्याकडे आमच्याकडून मलिदा जायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. लग्न, नवस, नवीन घर, काहीही असलं की एलियाहूच्या नावाने प्रार्थना म्हणून तो वाटतात. तो काकू आवडीने खायच्या.

– अलिबागची मावशी

---

मावशी, पोरीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती विचारतेय की २४ डिसेंबरला मलिदा करूया का. त्या रात्री बारा पदार्थ लागतात आणि मटण नसतं, गेल्या वर्षी मी त्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं घुसवलं होतं, सासूबाईंनी लगेच मान्य केलं कारण त्यांच्यात कोबी-वाटाणा असतोच. खोबरं इथे फ्रोझन मिळतं, चालेल का?

---

फ्रोझन चालतं, फक्त पूर्ण सुटू दे आणि हाताने मोकळं कर, नाहीतर पोह्यांना पाणी सुटतं. जाडे पोहे घे. पण प्रार्थनेशिवाय केलंस तर त्याला मलिदा नको म्हणू हं, गोड पोहे म्हण. आणि खरा मलिदा बघायचा असेल तर डिसेंबरच्या आधी एका रविवारी तिला माझ्याकडे घेऊन ये, पोहे भिजवायला तिलाच बसवते.