गेमसाठी लिहायचंय, शिरायचं कुठून? (ठाणे/नवी मुंबई)

ऐरोलीचा_पक्या:
मंडळी मदत हवीये. वय २६, बीए मराठी, ऐरोलीत एका कंपनीत प्रॉडक्टची वर्णनं लिहितो. कॉलेजात एकांकिका लिहिल्यात, एकीला गडकरी रंगायतनला टाळ्या पडल्या (संपली म्हणून पडल्या असं मित्र म्हणतात). आता गेमच्या स्टोऱ्या लिहायच्यात. ९० पानी दुनिया तयार आहे, राजघराणी, नकाशे, शिव्यासुद्धा वेगळ्या. पीडीएफ चार स्टुडिओंना पाठवली, एकाचंही उत्तर नाही. इथे एक क्लासवाले गेम डिझाइनच्या कोर्सचे दीड लाख सांगतायत, त्यात लेखन किती विचारलं तर म्हणे "सर, सगळं कव्हर होतं." आई म्हणते गेमला लिहायचं काय असतं, नुसते पळतात तर. काय करू?

मीठबंदर_रोड:
दीड लाख खिशात ठेव. मी टेस्टर म्हणून शिरले, बग लिहिता लिहिता डायलॉगवर आले. ९० पानं कोणी उघडत नाही रे, मीपण नसती उघडली, सॉरी. आधी बार्क्स लिही. बार्क म्हणजे रस्त्यावरची पात्रं येताजाता एकेक वाक्य टाकतात ना, ते. ठाणे स्टेशनचा रिक्षावाला घे, प्लेअर घोडबंदर विचारतोय आणि याला जायचं नाहीये. "घोडबंदर? नाय." "गॅस भरायचाय." "वागळे असेल तर बसा." अशा वीस लाइनी, प्रत्येक चाळीस कॅरेक्टरच्या आत (काना, मात्रा, स्पेस सगळं मोजून), पन्नासाव्यांदा ऐकून डोकं उठता कामा नये आणि तरी माणूस दिसला पाहिजे. हे सगळं एक्सेलमध्ये असतं, एका रकान्यात लाइन, शेजारी कोण बोलतो आणि कधी. एकांकिका लिहिलेल्याला जमेल, फक्त तिथे प्रेक्षक स्टेजवर चढून भलत्याच विंगेत जात नाही, इथे जातो.

ट्रान्सहार्बर_८_१२:
+१. आणि खेळता येईल असं काहीतरी कर, दहा मिनिटांचं चालेल. ट्वाइन म्हणून टूल आहे, खेळता येतील अशा गोष्टी लिहायचं, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग लागत नाही. मग इंक शिक, गेमची गोष्ट लिहायचीच स्क्रिप्टिंग भाषा, इंकल स्टुडिओची आहे, २०१६ पासून ओपन सोर्स. त्यांचा २०१४ चा '८० डेज' त्यातच लिहिलाय, लेखिका मेग जयंत, नक्की खेळ. झालं की इच डॉट आयओवर (गेम टाकायची साइट) टाक आणि मेलमध्ये पीडीएफऐवजी ती लिंक दे. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, ४८ तासांत गेम. मी गेलो तेव्हा आमच्या टेबलावर चार प्रोग्रामर आणि लिहायला कोणी नाही, शेवटी राक्षसाचे डायलॉग मी लिहिले, तो राक्षस एचआरसारखा बोलायचा.

कळव्याची_कैरी:
लोकलायझेशनपण बघ, इंग्लिश गेम हिंदी-मराठीत आणायचं काम. मी तेच करते, फ्रीलान्स, पैसे बरे पण वेळेवर नाहीत. इंग्लिशवाले एकच लाइन पाठवतात, "अमुक आला", नावाच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे रिकामी जागा, नाव गेम भरतो. आपल्याकडे आला, आली, आलं, आणि राजा असेल तर आले. चार लाइनी मागितल्या तर प्रोग्रामर रडतो, मग "अमुक हजर" करून सुटायचं.

मीठबंदर_रोड:
"अमुक हजर" 😂 आमच्याकडे पण हेच!

ऐरोलीचा_पक्या:
काल शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहून अकरा लाइनी लिहिल्या. यातली कशी वाटते? "तीनदा विचारलंत साहेब, एव्हाना चालत मानपाड्याला पोचला असता."

मीठबंदर_रोड:
चाळीसच्या वर गेली. काप.